साठ राउटर, एक टेम्पलेट: अ‍ॅन्सिबल आणि मायक्रोटिकचा वापरानंतरचा अनुभव

आमचं नेटवर्कचं काम बेळगावातून चालतं. पतसंस्थांच्या शाखा, काजू कारखाने, पेट्रोल पंप, पॅथॉलॉजी लॅब असे ग्राहक; पसारा जांबोटी-खानापूरपासून संकेश्वर, निपाणी, चिक्कोडी, अथणीपर्यंत. सगळे मिळून मायक्रोटिक कंपनीचे साठेक राउटर. पावसाळ्याच्या तोंडावर ते अ‍ॅन्सिबलच्या टेम्पलेटवर (सामाईक सेटिंगच्या साच्यावर) आणायला घेतले, आता उसाचा हंगाम निम्मा उलटला. एका जागेवरून अनेक उपकरणांची सेटिंग लावणारं हे टूल उत्तम आहे, फुकट आहे, राउटरवर वेगळं काही बसवावं लागत नाही. मात्र सगळं यश एका गोष्टीवर ठरतं: सगळीकडे सारखं काय आणि त्या शाखेपुरतं काय, याची वाटणी आधी कागदावर झाली पाहिजे.

आमच्या टेम्पलेटमध्ये फायरवॉल, वायरगार्ड (व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी जोडणीचा, एक प्रकार), लॉग (घडामोडींच्या नोंदी), घड्याळ, लॉगिन. शाखेच्या फाइलमध्ये मोजक्याच ओळी: शाखा क्रमांक, लाइनचा प्रकार, कॅमेरे आहेत का, पाहुण्यांना वायफाय हवं का. शाखा क्रमांक २३ असेल तर काउंटरचे पीसी १०.२३.१०.०/२४ मध्ये आणि कॅमेरे १०.२३.२०.०/२४ मध्ये. आयपी बघितला की गाव कळतं. पूर्वी बऱ्याच ठिकाणी मूळचाच १९२.१६८.८८ चा पत्ता तसाच होता, त्यामुळे दोन शाखा व्हीपीएनने जोडायच्या म्हटलं की पत्ते एकमेकांत अडकायचे.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळवायची असतात. हातानं करायचं तर साठ ठिकाणी लॉगिन. टेम्पलेटमध्ये हे थोड्या ओळींचं काम, एका दुपारी सगळीकडे लागलं.

खरी कसोटी अपवादांची. अथणीकडं एका शाखेत दोन लाइन आहेत. जांबोटीकडं पावसात फायबर तुटतं म्हणून ४जी लागतं. अशा वेळी टेम्पलेटमध्ये ‘जांबोटी असेल तर’ अशी अट टाकायचा मोह होतो. आम्ही त्याला पहिल्यापासून बंदी घातली. टेम्पलेटमध्ये गावाचं नाव दिसता कामा नये. शाखेच्या फाइलमध्ये ‘पर्यायी लाइन: ४जी’ लिहायचं आणि शेजारी कारण नोंदवायचं. जुलैत खानापूर तालुक्यातल्या आणखी काही ठिकाणी ४जी लागलं, तेव्हा प्रत्येकी एकच ओळ बदलली. टेम्पलेटला हातही लागला नाही.

राउटरओएसच्या, म्हणजे मायक्रोटिकच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, बाबतीत एक कळकळीची सूचना. साध्या कमांड पाठवणारं मॉड्यूल आधी काय आहे ते बघत नाही. तीच ‘अ‍ॅड’ पुन्हा पाठवली तर काही ठिकाणी एरर येते, काही ठिकाणी तीच नोंद दुसऱ्यांदा चढते. त्याऐवजी ‘एपीआय मॉडिफाय’ हे मॉड्यूल वापरा. ते असलेली आणि हवी असलेली स्थिती ताडून फक्त फरक लावतं. फायरवॉलसाठी नियमांचा क्रम पाळायचा पर्याय चालू ठेवाच. पण हेही बदल एकामागून एक लावतं, सगळे एकदम नाही, त्यामुळे मध्येच लाइन तुटण्याचा धोका राहतो. म्हणून प्रत्येक बदलाआधी राउटर स्वतःचा बॅकअप घेतो आणि शेड्युलरमध्ये काम लागतं: दहा मिनिटांत आम्ही ते काढलं नाही, तर जुना बॅकअप चढवून रीस्टार्ट हो. भर पावसात कणकुंबीपर्यंत फक्त राउटर रिसेट करायला जाणं ज्यानं केलंय, त्याला याचं मोल सांगायला नको. बदलही टप्प्यानं जातो: आधी आमचं ऑफिस, मग बेळगाव शहरातली जवळची शाखा, मग पाच-पाच.

दर आठवड्याला रात्री नुसती तपासणी चालते, काही न बदलता फक्त फरक दाखवते. सगळ्यात जास्त समाधान मला याचं आहे. एका दुकानात कॅमेऱ्याचा पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडलेला सापडला. मालकांना फोन केला तर म्हणाले, “होय की, कॅमेऱ्यावाला पोरगा आलता, दोन मिनिटांत करून गेला.” त्यांना मोबाइलवर कॅमेरे बघायचे होते, गरज खरी होती. मालकांच्या मोबाइलवर वायरगार्ड टाकून दिलं, पोर्ट बंद केला. २०१८ मध्ये विनबॉक्सच्या (मायक्रोटिक राउटर हाताळायच्या सॉफ्टवेअरच्या) त्रुटीतून राउटरचे पासवर्डच बाहेर पडत होते, तेव्हापासून उघड्या पोर्टच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

नव्या मुलांना वाय‍एएमएलमधल्या जागा (सेटिंगच्या फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडायच्या स्पेस) आणि गिटची (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाची) सवय लागायला वेळ जातो, तो धरून चाला. पासवर्ड व्हॉल्टमध्येच (एन्क्रिप्ट केलेल्या फाइलमध्ये) ठेवा.

अजून सुटलेलं नाही ते जुन्या छोट्या राउटरांचं. वायरगार्ड राउटरओएस ७ पासूनच मिळतं, आणि १६ एमबी स्टोरेजच्या डब्यांवर ७ ची आवृत्ती बसवताना जागेची ओढाताण होते. निपाणीकडचे असे राउटर सध्या वेगळ्या गटात ठेवलेत, त्यांना जुन्याच व्हीपीएनचं टेम्पलेट लावलंय. ग्राहक तयार होतील तसे एकेक बदलतोय.