आधारचे बायोमेट्रिक लॉक: वापरून पाहिलेल्या सुविधेचे परीक्षण

आधारची ठसे, बुबुळ वा चेहरा यांवरून होणारी पडताळणी बंद ठेवणारी, आधार प्राधिकरणाची बायोमेट्रिक लॉक ही विनामूल्य सुविधा सांगलीच्या विश्रामबागेतील आमच्या घरी आणि तासगाव तालुक्यातील आत्यांच्या घरी सर्वांनी सुरू केली आहे. शहर आणि खेडे अशा दोन्ही ठिकाणी ती वापरून झाल्यावर माझे मत असे, की ओळखचोरीपासून बचावाचे इतके परिणामकारक साधन सामान्य माणसाकडे दुसरे नाही. मात्र सरकारने ती ज्या ग्राहकाला समोर ठेवून बनवली आहे, तो ग्राहक आपल्या भागातील ज्येष्ठांपेक्षा फार वेगळा आहे.

या कुलपाची गरज का पडते, ते आधी सांगितले पाहिजे. गावोगावच्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या प्रतिनिधीकडे, असलेल्या मशीनवर खात्यातून पैसे काढण्यासाठी बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढेच पुरते. ओटीपी लागत नाही आणि एका व्यवहारात 10,000 रुपयांपर्यंत रक्कम निघू शकते. नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्यांवरून कृत्रिम ठसे बनवून असे पैसे काढल्याची प्रकरणे तेलंगण व आंध्र प्रदेशात पोलिसांनी उघडकीस आणली आहेत. आपल्याकडे खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र यांवर घरातील बहुतेक सर्वांचे अंगठे असतात. त्यात 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर मदतीच्या अर्जांना जोडलेल्या आधार व पासबुकाच्या झेरॉक्स प्रती ज्या संख्येने हातोहाती फिरल्या, ती आठवली की हा धोका कुठल्या तरी दूरच्या शहरातला आहे असे सांगलीकराला म्हणता येणार नाही.

लॉक केल्यावर बोटांचे ठसे, बुबुळ आणि चेहरा यांपैकी कशानेही त्या आधारची पडताळणी होत नाही. मशीनवर 330 हा त्रुटी क्रमांक येतो. कुणी हुबेहूब ठसा बनवला तरी व्यवहार होत नाही, हे या सुविधेचे मोठे यश आहे. लॉक आधारच्या संकेतस्थळावर करता येते; सोळा अंकी व्हीआयडी, म्हणजे आधार क्रमांकाऐवजी वापरायचा आभासी क्रमांक, तयार करण्याचीही तिथे सोय आहे. संकेतस्थळावरील सूचना समजायला सोप्या आहेत आणि स्वतः करणाऱ्याला चहा होईपर्यंत हे काम उरकते. त्याच ठिकाणी मागील सहा महिन्यांतील पडताळण्यांची यादीही दिसते. दिनांक, वेळ, पडताळणी ठशाने झाली की ओटीपीने आणि ती कोणत्या संस्थेने केली, हे तिथे कळते. माझ्या मते ही यादी लॉकइतकीच मोलाची आहे, कारण चोरीचा पहिला माग बहुधा तिथेच लागतो. तरीही तिची माहिती फार थोड्या लोकांना असते.

खरी परीक्षा रेशन दुकानात होते. पॉस मशीनवर अंगठा द्यायचा तर लॉक तात्पुरते उघडावे लागते आणि तसे उघडलेले लॉक केवळ 10 मिनिटे उघडे राहते. आत्यांच्या गावी रेशनची रांग लांब असते, मोबाइलची रेंज येते आणि जाते, आणि आपला क्रमांक जवळ आला की घाईने ओटीपी शोधावा लागतो. सुरक्षेच्या दृष्टीने 10 मिनिटांची मर्यादा योग्य असली, तरी ती ठरवताना अशा दुकानाचा विचार झालेला दिसत नाही. निवृत्तिवेतनधारकांनाही हयातीचा दाखला देताना हीच काळजी घ्यावी लागते. पुण्याला असलेला आतेभाऊ फोनवर बोलत तिकडूनच लॉक उघडून देतो, म्हणून आमचे काम सुरळीत चालते. पण घरात असे कुणी नसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याने काय करावे, याचे उत्तर सध्या तरी या सुविधेकडे नाही.

याहून मोठी अडचण मोबाइल क्रमांकाची आहे. लॉक, व्हीआयडी, पडताळणीची यादी या सर्वांची वाट आधारला जोडलेल्या क्रमांकावरूनच जाते. आत्यांच्या आधारला जोडलेला क्रमांक केव्हाच बंद पडला होता. बंद पडलेले क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिले जातात, त्यामुळे असे जुने क्रमांक आधारला जोडलेले राहू देणे धोक्याचेच असते. आधार केंद्रात जाऊन क्रमांक बदलून घेतल्यानंतरच आत्यांच्या बाबतीत पुढचे काही करता आले. म्हणून ज्यांना हे कुलूप वापरायचे आहे, त्यांनी पहिल्यांदा घरातील प्रत्येकाचा जोडलेला क्रमांक चालू आहे ना, हे पाहावे.

या सुविधेच्या कक्षेबाहेर काय राहते, तेही समजून घेतले पाहिजे. ओटीपीने होणारी पडताळणी लॉकनंतरही चालू राहते; ती थांबवायची तर आधार क्रमांक लॉक करण्याचा वेगळा पर्याय आहे. कागदी प्रतीवर होणाऱ्या फसवणुकीला यांपैकी कोणतेही लॉक अडवू शकत नाही. तिथे फक्त शेवटचे चार अंक दाखवणारे मास्क्ड आधार द्यावे आणि झेरॉक्सवर कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेला दिली, ते आडवे लिहून सही करावी. ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष असा ठरलेला असतो, म्हणजे आपल्याला ओळखणाऱ्या कुणालाही तो काढता येतो. झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर ही फाइल उघडली असेल, तर ती आपल्या डोळ्यांदेखत पुसून घ्यावी. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे संचार साथी या 2023 साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर पाहता येते आणि अनोळखी क्रमांकासमोर तो आपला नसल्याचे तिथेच नोंदवता येते. ही सेवा मला आधारच्या संकेतस्थळापेक्षाही सुटसुटीत वाटली.

चोरी होऊन गेल्यावर सावरण्याच्या बाबतीत मात्र व्यवस्था फार विस्कळीत आहे. आतेभावाने ट्रॅक्टरसाठी कर्ज मागितले, तेव्हा त्याच्या क्रेडिट अहवालात, म्हणजे कर्जे व परतफेडीच्या नोंदींत, त्याने कधीच न घेतलेले एका वित्त कंपनीचे थकीत कर्ज निघाले. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार, पोलीस ठाण्यात अर्ज, त्या कंपनीला लेखी पत्र आणि हा अहवाल ठेवणाऱ्या क्रेडिट माहिती कंपनीकडे हरकत, असे चार ठिकाणी तेच तेच लिहावे लागले. पोलिसांत जाताना माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी चा उल्लेख अर्जात करावा. दुसऱ्याची ओळख वापरण्याच्या या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. क्रेडिट अहवालातील चूक 30 दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने 2023 च्या ऑक्टोबरमधील आदेशाने केली आहे. आम्ही पत्रात या तरतुदीचा उल्लेख केल्यानंतर उत्तरांचा सूर बदलला आणि नोंद अखेर निघाली. वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून विनामूल्य मिळतो, तो अडचण येण्याची वाट न पाहता मागवत जावा.

खात्यातून पैसेच गेले असतील, तर क्षणाचाही विलंब न करता सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन करावा आणि त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार दिली असेल, तर ग्राहकावर कोणतीही जबाबदारी येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम असून तो सहकारी बँकांनाही लागू आहे. सांगली जिल्ह्यात पतसंस्थांचे जाळे मोठे आहे. त्या रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येत नाहीत, त्यामुळे त्यांच्याविरुद्धची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात द्यावी लागते. तिथे अर्ज देताना आधारच्या पडताळणीची यादी छापून सोबत जोडावी. ही यादी मागील सहा महिन्यांचीच मिळत असल्याने, संशय आल्याबरोबर ती उतरवून ठेवावी.