छप्पन जणांचा डेटा दिला, अहवाल साठ जणांचा आला

माझ्या अभ्यासात ५६ विद्यार्थी होते. एका पद्धतीने शिकलेले २८, दुसऱ्या पद्धतीने शिकलेले २८. पैसे घेऊन विश्लेषण करून देणाऱ्या माणसाने मला जो अहवाल दिला त्यात ते ६० झाले होते, आणि हे मला चार महिन्यांनी कळलं. तोवर शोधनिबंध माझ्या नावाने नियतकालिकाकडे गेलेला होता. संख्याशास्त्राची भीती वाटते म्हणून ते काम बाहेर देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

त्याचा नंबर ओळखीतून मिळाला होता. पहिल्याच बोलण्यात तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही निर्धास्त राहा. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या आत आणून देणं माझ्याकडे लागलं." पी-व्हॅल्यू म्हणजे गटांत खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता; ती ०.०५ च्या आत असली की निष्कर्ष ठोस मानण्याची रूढी आहे. मला केवढा दिलासा वाटला होता तेव्हा! खरं तर तिथेच फोन ठेवायला हवा होता. पी-व्हॅल्यू डेटातून निघते. डेटा उघडूनही न बघता तिची हमी देणारा माणूस एक तर डेटाला हात लावणार, नाहीतर हवं ते उत्तर येईपर्यंत चाचण्या बदलत बसणार. तिसरा मार्ग नाही.

बिलात 'सॉफ्टवेअर लायसन्स' म्हणून वेगळी रक्कम होती. तीही मी भरली. विश्लेषण केलं होतं 'आर' या संख्याशास्त्रासाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत, हे अहवालातच लिहिलेलं होतं. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी सुरू केलेली ही भाषा जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली सगळ्यांसाठी मोफत आहे, कोणीही उतरवून घ्यावी. मला हे ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

अहवाल दिसायला देखणा होता. सुबक तक्ते, रंगीत आलेख, सगळं पीडीएफमध्ये. मुख्य प्रश्नाला मुलांनी १ ते ५ पैकी दिलेल्या गुणांची सरासरी पहिल्या गटात ३.४७, दुसऱ्यात २.९३, टी (दोन सरासरींची तुलना करणाऱ्या टी-चाचणीचा आकडा) २.१३, डिग्रीज ऑफ फ्रीडम (माणसांच्या संख्येवरून ठरणारा आकडा) ५८, पी-व्हॅल्यू ०.०४. मी तो तक्ता जसाच्या तसा निबंधात घातला. एकही आकडा स्वतः पडताळला नाही, ही चूक माझी.

नियतकालिकाच्या परीक्षकाचा शेरा दोन ओळींचा होता. नमुना ५६ जणांचा असेल तर डिग्रीज ऑफ फ्रीडम ५८ कशा? आणि विश्लेषणाचा कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञा, जोडावा. नेहमीच्या टी-चाचणीत दोन्ही गटांच्या एकूण संख्येतून दोन वजा करायचे असतात, म्हणजे माझ्याकडे ५४ यायला हवे होते. ५८ याचा अर्थ माणसं ६०. मी त्याला फोन केला तर म्हणाला, टायपिंग मिस्टेक आहे, ५४ करून टाका. कोड मागितला तेव्हा सूर बदलला: कोड आमची प्रॉपर्टी आहे, त्याचा चार्ज वेगळा. मी मागे लागले तेव्हा मला गप्प करायला त्याने एक एक्सेल फाइल पाठवली, 'फायनल-२' नावाची. त्यानंतर फोन उचलणंच बंद.

मग मी स्वतः 'आर' शिकायला बसले. दोन आठवडे लागले, तेही रडतखडत. माझ्या मूळ फाइलवर टी-चाचणी चालवली तर डिग्रीज ऑफ फ्रीडम अपूर्णांकात आले आणि मी गोंधळले. नंतर समजलं की वेगळं काही सांगितलं नाही तर 'आर' टी-चाचणीचा वेल्च नावाचा प्रकार चालवते, तो दोन्ही गटांतला विखुरलेपणा सारखा धरत नाही. विखुरलेपणा सारखा धरायचा पर्याय दिला की बरोबर ५४ आले. पहिल्या गटाची सरासरी ३.३९, दुसऱ्याची २.९३, पी ०.०८. माझ्या अभ्यासाचं खरं उत्तर हे होतं.

मग 'फायनल-२' उघडली. ओळी ६०. सगळ्या ओळींचे क्रमांक वेगळे, त्यामुळे हुबेहूब ओळी शोधणारं 'डुप्लिकेटेड' हे फंक्शन चालवलं तर एकही ओळ सापडली नाही. क्रमांकाचा स्तंभ काढला आणि पुन्हा चालवलं. चार ओळी! वय, आधीचे गुण, २२ प्रश्नांची उत्तरं, सगळं अक्षरशः सारखं. पहिल्या गटात त्याने ५ आणि ४ गुण देणारे दोघे पुन्हा चिकटवले होते, दुसऱ्यात ३ गुण देणारे दोघे. तेवढ्याने पहिल्या गटाची सरासरी वर सरकली आणि पी ०.०८ वरून ०.०४ वर आली. स्क्रीनवर त्या चार ओळी पाहताना माझे हात थरथरत होते. ज्या मुलांनी तास तास बसून उत्तरं लिहिली, त्यांच्यात ही जादा चार मुलं कधी नव्हतीच.

ती फाइल हाती आली नसती तरी हे पकडता आलं असतं, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेली 'ग्रिम' नावाची एक तपासणी आहे. तिला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. एका प्रश्नाची उत्तरं १ ते ५ अशा पूर्णांकांत असतील तर त्यांची बेरीजही पूर्णांकच असणार. २८ जणांची बेरीज ९७ असेल तर सरासरी ३.४६, ९८ असेल तर ३.५०. मधे काही नाही. म्हणजे २८ जणांची सरासरी ३.४७ येऊच शकत नाही. ३० जणांची येते, १०४ भागिले ३०. दुसऱ्या गटाची २.९३ मात्र २८ जणांनाही जमते आणि ३० जणांनाही, त्यामुळे तिथे ही तपासणी काहीच बोलत नाही. शिवाय दोन दशांश स्थळं दिली असतील तर गट शंभराच्या आतला हवा, त्यापुढे तिचा उपयोग राहत नाही.

काम बाहेर द्यायला माझा विरोध नाही. प्रामाणिकपणे करून देणारे आहेत, पुढे मला भेटलेही. पण पैसे देण्याआधी मागा ती स्क्रिप्ट, म्हणजे कोडची फाइल, जी तुमची मूळ, कोणी न हाताळलेली फाइल वाचते आणि शेवटच्या तक्त्यापर्यंत जाते. ती तुमच्या संगणकावर, तुमच्या हाताने चालवा. आकडे जुळले तर उरलेले पैसे द्या. फाइल देण्याआधी तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला ओळख-क्रमांक, काढून ठेवा. एक आकडा जरी बदलला तरी हॅश बदलतो, मग टायपिंग मिस्टेक म्हणायला जागा उरत नाही.

मी संपादकांना सगळं लिहून कळवलं आणि निबंध मागे घेतला. मार्गदर्शकांसमोर ते सांगताना मान वर करता आली नाही. महिन्याभराने नवा निबंध पाठवला, ५६ जणांचा, पी ०.०८ चा, सोबत कोड आणि मूळ डेटा. त्याचा निकाल अजून यायचा आहे.