घोट्यावरचा चतुर : लेझरने टॅटू काढण्याच्या आठ बैठका

आधीच सांगते, चतुर अजून पुरता गेलेला नाही. शेपूट गेली, पंखांच्या शिरा गेल्या, डोक्याच्या जागी राखाडी डाग उरलाय. तो ज्या हिरव्या पानावर बसला होता ते पान मात्र जवळपास जसंच्या तसं आहे. एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल.

मी जीवशास्त्र शिकवते. मॅक्रोफेज, म्हणजे बाहेरचा कण दिसला की त्याला वेढून गिळणाऱ्या महाभक्षी पेशी, हा माझा आवडता धडा. रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफने १८८२ साली इटलीतल्या मेसिनाला तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्यांभोवती पेशींची गर्दी पाहिली, ही गोष्ट मी दरवर्षी रंगवून सांगते. (१९०८चं नोबेल त्याला पॉल एर्लिखबरोबर मिळालं, तेही सांगते, पण तोवर निम्मा वर्ग घड्याळाकडे बघत असतो.) आणि दरवर्षी मागच्या बाकावरून एक प्रश्न ठरलेला : "मग मॅडम, तुमचा टॅटू का नाही खाल्ला त्यांनी?"

खाल्लाय ना! तीच तर अडचण आहे. सुई शाई अंतस्त्वचेत, म्हणजे कातडीच्या आतल्या थरात, सोडते, महाभक्षी पेशी धावून येतात, कण गिळतात आणि मग बसून राहतात. शाईचं रंगद्रव्य त्यांना पचत नाही आणि मोठे कण घेऊन कुठे जाताही येत नाही. फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांच्या शेपटीवर गोंदून पाहिलं : शाई गिळलेल्या पेशी मुद्दाम मारल्या, तरी टॅटू हलला नाही. मेलेल्या पेशीतून सांडलेली शाई नव्याने आलेल्या पेशींनी तिथल्या तिथे उचलली. पेशी बदलत राहतात, ओझं तेच. बाविसाव्या वर्षी हौसेने काढून घेतलेला माझा चतुर इतकी वर्षं असा या हातातून त्या हातात जात राहिला. टॅटू घालवायची मलमं विकत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मलम वरच्या कातडीवर बसतं, शाई तिच्या खाली.

लेझर नेमकं काय करतं? अब्जांश सेकंदाच्या ठोक्यात शाईचा कण इतका झटकन तापवतं की तो तडकतो. पिको म्हणून विकतात त्या यंत्रांचा ठोका त्याहूनही आखूड. फुटलेले बारीक तुकडे पेशी पुन्हा गिळतात, काही लसीकेबरोबर, म्हणजे पेशींभोवतालून वाहत येणाऱ्या पातळ द्रवाबरोबर (लिम्फ), लसीका गाठींत पोचतात. म्हणजे माझा चतुर गेला तो बराचसा जांघेतल्या गाठींत गेला. यात विनोद कमी आणि माहिती जास्त आहे : टॅटू असलेल्यांच्या लसीका गाठी रंगलेल्या सापडतात, तेव्हा कधी शस्त्रक्रियेची वेळ आली तर सर्जनला टॅटूबद्दल सांगून ठेवावं, काढलेला असला तरी.

पहिल्या दोन बैठका मी जिथे केल्या त्या जागेचं नाव घेत नाही. तिथे पॅकेज होतं, पैसे एकदम, आणि दर पंधरा दिवसांनी बोलावणं. दुसऱ्या खेपेला पहिल्या वेळची खपली पुरती सुटलीही नव्हती. "चालतं हो, लवकर लवकर केलं की लवकर जातं," असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं आणि मी, जीवशास्त्राची शिक्षिका, पाय पुढे करून बसले! मोठाले फोड आले. ते बरे झाल्यावर घोट्याच्या आतल्या बाजूला एक फिकट चट्टा राहिला तो राहिलाच.

नंतरच्या सहा बैठका दुसरीकडे, त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे. त्यांनी पाय पाहिला आणि आधी तीन महिने काहीच करायला नकार दिला. मग एका कोपऱ्यात छोटासा ठोका मारून पाहिला, आणि त्यानंतर दर आठ आठवड्यांनीच तारीख. मी कुरकुर केली तर म्हणाल्या, "शाई मी काढत नाही, मी फक्त फोडते. उचलायचं काम तुमचं. तुम्हाला वेळ नको का द्यायला?" हे वाक्य मला इतरांना शिकवता येतं, पण स्वतःच्या पायाबाबत ऐकावं लागलं.

घोटा हृदयापासून लांब, तिथली उचल दंडापेक्षा सावकाश, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. धूम्रपान करता का, असं विचारलं, कारण त्यानेही वेग मंदावतो. सावळ्या त्वचेवर काळ्या शाईसाठी १०६४ नॅनोमीटरची तरंगलांबी त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण त्वचेचं स्वतःचं रंगद्रव्य, मेलॅनिन, ती कमी शोषतं. त्यांच्याकडे तीच आणि लालसाठीची ५३२ आहे. हिरव्याला ७५५ किंवा ६९४ लागते, ते यंत्र आपल्याकडे नाही, हे त्यांनी पैसे घेण्याआधी सांगितलं. म्हणून पान राहिलं याचा दोष मी त्यांना देत नाही.

प्रत्यक्ष बैठक दहा मिनिटांचीही नसते. आधी थंड हवेचा झोत, मग टक-टक-टक आवाज आणि तापलेल्या तेलाचे थेंब उडावेत तशी आग. ठोका बसतो तिथली त्वचा क्षणात पांढरी होते. ती वाफ आणि वायूचे बुडबुडे, अर्ध्या तासात ओसरतं. पहिल्यांदा मला वाटलं गेलाच टॅटू! डोळ्यांवरचा चष्मा मात्र सैल होता, दर वेळी मला हाताने धरावा लागला. डोळ्यांच्या बाबतीत ही ढिलाई बरी नव्हे, आणि तसं मी तिथे लिहून दिलंय. फोन उचलत नाहीत, ही दुसरी तक्रार.

एखादी जागा पारखायची तर यंत्राचं नाव नंतर विचारा. दोन बैठकांत किती दिवस ठेवता, हे आधी. सहा आठवड्यांच्या आतला आकडा ऐकला की मी तरी उठून जाईन. पांढरी शाई असेल तर तेही विचारा, कारण तिच्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड लेझरने उलट काळं पडू शकतं.

या बाईंकडची सातवी, म्हणजे एकूण नववी, बैठक या महिन्यात होती. मीच पुढे ढकलली. डोक्याचा राखाडी डाग अजून दर आठवड्याला थोडा फिका होतोय. पेशी कामावर आहेत तोवर पुन्हा ठोके कशाला मारून घ्यायचे.