हिरवी पावडर घेताय? आधी व्हिटॅमिन के किती आहे ते विचारा

दोन स्टार देतेय, ते पण चव बरी आहे आणि गुठळ्या न होता पाण्यात मिसळते म्हणून. डब्यावर ठळक लिहिलंय की दिवसभराच्या हिरव्या भाज्या एका चमच्यात, ते मात्र मला अजिबात पटलेलं नाही.

लेबल नीट वाचा. पालक, केल, ब्रोकोली, व्हीटग्रास, स्पिरुलिना अशी लांबलचक यादी आणि पुढे सगळ्यांचं मिळून वजन ५ ग्रॅम, कशाचं किती ते नाहीच. व्हिटॅमिन सी छापलंय, लोह छापलंय, पण व्हिटॅमिन के चा पत्ता नाही, आणि हिरव्या पानांत भरभरून असतं ते तर हेच! १०० ग्रॅम कच्च्या पालकात साधारण ४८० मायक्रोग्रॅम के असतं, मोठ्या माणसाला दिवसाला ९० ते १२० पुरेसं धरतात.

एवढं का लावून धरलंय, तर आमच्या घरात वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी) घेणारं माणूस आहे. लिव्हरमध्ये रक्त गोठवणारे फॅक्टर (२, ७, ९ आणि १०) कामाचे व्हायला व्हिटॅमिन के लागतं, आणि वापरलेलं के शरीर परत वापरात आणतं ते चक्रच वॉरफरिन अडवतं. त्यामुळे खाण्यातलं के एकदम वाढलं तर गोळी कमी पडते आणि गुठळी होण्याची भीती, एकदम कमी झालं तर रक्तस्रावाची. म्हणून डॉक्टर पालेभाजी बंद करा असं म्हणत नाहीत, रोज साधारण सारखीच खा म्हणतात, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) बघून डोस ठरवतात. आता ज्या पावडरीत के ५० आहे की ३०० हेच माहीत नाही ती अशा माणसाने कशी घ्यायची? कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की घटक नैसर्गिक आहेत, प्रमाण बॅचप्रमाणे बदलतं. अहो मग तीच तर काळजी आहे! डब्यावर साधी सूचना पण नाही की रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. (अपिक्साबान, रिवारोक्साबान या नवीन गोळ्या वेगळ्या पद्धतीने काम करतात, त्यांना के चा असा अडथळा येत नाही.)

दुसरं म्हणजे घ्यायची पद्धत. लिहिलंय रिकाम्या पोटी पाण्यातून. के हे फॅटमध्ये विरघळणारं व्हिटॅमिन आहे, सोबत थोडं तेल किंवा फॅट असेल तरच नीट शोषलं जातं. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांना याचा शोध लागला तोच कोंबडीच्या पिल्लांना फॅट काढलेलं खाद्य दिल्यावर, पिल्लांना रक्तस्राव व्हायला लागला तेव्हा. १९४३ चं नोबेल मिळालं त्यांना यासाठी. आणि डबा पारदर्शक! शिजवताना के बऱ्यापैकी टिकतं पण उजेडाने खराब होतं, आणि हा डबा दुकानात लाइटखाली उभा असतो.

हाडं मजबूत होतात असंही लिहिलंय. ऑस्टिओकॅल्सिन नावाच्या हाडांतल्या प्रोटीनला के लागतं हे खरं, पण वरून के घेऊन फ्रॅक्चर कमी होतात याचे पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा एवढ्या छातीठोकपणे छापू नये.

ज्यांना असली कुठली गोळी चालू नाही त्यांनी हौस म्हणून घ्यायला हरकत नाही, फक्त भाजीच्या जागी नको, ५ ग्रॅममध्ये फायबर मिळून मिळून किती मिळणार. शिजवलेली पालेभाजी तेलासकट खाल्ली तर के, फोलेट, ल्यूटीन, फायबर सगळं एकत्र येतं आणि पोटही भरतं.

कुणाकडे के चा आकडा छापलेला दुसऱ्या कंपनीचा डबा असेल तर लेबलचा फोटो टाका प्लीज, बघायचंय.