कब मुलांचा कॅम्प: खेळ एक नंबर, दुसऱ्या दिवशीची दुपार मात्र फुकट

मुलाच्या शाळेतला कब पॅक म्हणजे स्काउटमधल्या लहान मुलांचा गट मुळशीकडच्या एका प्रायव्हेट कॅम्पसाइटवर मुक्कामाला गेला होता, पालकांपैकी कोणीतरी सोबत हवं म्हणून मी पण गेलो. साइटचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रार पण आहे. फी 2200, त्यात जेवण टेंट सगळं आलं. पिठलं-भाकरी पोरांनी चक्क मागून खाल्ली, टॉयलेट स्वच्छ, टेंट जुनाट. जाहिरातीत झिपलाइनचा भलामोठा फोटो आहे पण अर्धा तास रांगेत उभं राहायचं आणि दहा सेकंदात खाली, त्यासाठी पैसे घालवू नका. जायचंच तर खेळांसाठी जा.

खेळ घेणारे सर जुने स्काउटमास्टर, गळ्यात स्कार्फ, हातात शिट्टी, माइक वगैरे काही नाही. आल्याआल्या त्यांनी सिक्स पाडले म्हणजे सहा-सहाचे गट, प्रत्येकाचा एक सिक्सर, आणि मग दिवसभर जे काय सांगायचं ते फक्त सिक्सरला, बाकीच्यांना त्याने समजावायचं. 1907 मध्ये स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलने इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प घेतला तेव्हाही पोरांचे चार पॅट्रोल म्हणजे गट पाडून त्यांच्यातल्याच एकेकाला लीडर केलं होतं, ती पद्धत अजून चालते म्हणजे त्यात काहीतरी दम आहे.

सगळ्यात भारी होता किम्स गेम. ताटात 24 वस्तू, सुपारी, सेफ्टी पिन, खोडरबर, कुलपाची किल्ली, बाटलीचं झाकण असलं काहीबाही, एक मिनिट बघायचं, वर रुमाल टाकला की आठवून लिहायचं. आधी एकेकट्याने खेळले, बहुतेकांची गाडी दहा-बाराच्या आसपास अडकली. मग सर म्हणाले आता सिक्सने मिळून, आणि गप्प बसले. पहिल्या फेरीत सगळ्यांनी तेच तेच मोठं बघितलं आणि कागदावर पुन्हा तेवढंच. दुसऱ्या फेरीच्या आधी एका सिक्समधली तिसरीतली चिमुरडी म्हणाली, "ए, मी फक्त हा कोपरा बघते ना." झालं, ताटाची वाटणी झाली आणि त्यांच्या फक्त दोन वस्तू राहिल्या! हे कोणी शिकवलं नव्हतं हां. मी मध्ये बोलणार होतो तर सरांनी डोळ्यानेच गप्प केलं.

नॉट रिले पण मस्त. पळत जायचं, दोरीला रीफ नॉट म्हणजे साधी चपटी गाठ मारायची, परत यायचं. उजवं डाव्यावर मग डावं उजव्यावर, दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतलं की ग्रॅनी म्हणजे चुकीची गाठ होते आणि सरांनी ओढून बघितलं की सुटते, मग तोच मुलगा पुन्हा पळणार. त्यामुळे जोरात पळणाऱ्यांची फार काही मिजास चालली नाही, उलट रांगेत मागे उभी असलेली पोरं बुटाच्या नाडीवर एकमेकांना गाठ शिकवत होती.

संध्याकाळी विषामृत, पण अंपायर नाही, हात लागला की ज्याचं त्यानेच खाली बसायचं. एक जण कोणी बघितलं नसताना बसला. सरांनी त्याच्यासाठी टाळ्या बिळ्या वाजवायला लावल्या नाहीत, खेळ तसाच पुढे चालू, मला तेच फार आवडलं.

आता तक्रार. दुसऱ्या दिवशी दुपारी सर निघून गेले आणि साइटची दोन पोरं माइक घेऊन आली, स्पीकरवर गाणी लावली आणि सगळ्यांची मिळून एकच संगीत खुर्ची. अशा खेळात सगळ्यात लहान आणि लाजरी मुलं आधी आउट होतात, म्हणजे ज्यांनी जास्त खेळायला पाहिजे तीच तासभर उन्हात बसून होती, आणि शेवटी चॉकलेटचा डबा मिळाला आधीच धीट असलेल्याला. त्यापेक्षा साखळी खेळवायची होती, त्यात आउट झालेला बाहेर न बसता साखळीत येतो. मॅनेजरला सांगितलं तर म्हणे सर पूर्ण वेळ नसतात, पॅकेजमध्ये एकच दिवस. अरे मग जाहिरातीत तसं लिहा की!

5 पैकी 4 स्टार, चारही सरांचे. बुकिंगच्या आधी फोनवर दोन गोष्टी विचारून घ्या, दोन्ही दिवस खेळ कोण घेणार आणि एका माणसामागे किती मुलं. आणि मैदानात खडी आहे, मुलांना सँडल नको, बूट द्या.