स्वारगेटला उतरून थेट नाशिक फाटा: पुणे मेट्रोनं प्रवासाचे दहा महिने, एका कोल्हापूरकराचा अनुभव

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं मशीनशॉप आहे. शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग येतात, आम्ही मशीनिंग करून पिंपरी-भोसरीच्या गिऱ्हाइकांना देतो. माल टेम्पोनं जातो, पण नवीन पार्टचं पहिलं सॅम्पल मी स्वतः घेऊन जातो. त्यामुळं पंधरा दिवसांतून एकदा पुणं ठरलेलं. कोल्हापूर ते स्वारगेट एसटीचा प्रवास मला कधी जड गेला नाही. जड जायचा तो स्वारगेटच्या पुढचा. खांद्यावर बारा किलोचं बिडाचं (ओतीव लोखंडाचं) हाउसिंग, म्हणजे यंत्राचं कवच, पीएमपीच्या शहर बसला गर्दी, आणि भोसरीला पोचेपर्यंत दीड तास गेलेला.

गेले दहा महिने हा पुढचा तुकडा मी मेट्रोनं करतोय. स्वारगेटला भुयारात उतरायचं, नाशिक फाट्याला पुलावरच्या स्टेशनातून खाली यायचं. साधारण अर्धा तास लागतो, आणि दर वेळी तेवढाच लागतो. माझ्या धंद्यात या दुसऱ्या गोष्टीला जास्त किंमत आहे. गिऱ्हाइकाला साडेनऊ म्हटलं की साडेनऊलाच गेटवर उभं राहता येतं.

पुण्यात मेट्रो सुरू झाली 6 मार्च 2022 ला. तेव्हा वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी असे दोन सुटे तुकडे होते. 1 ऑगस्ट 2023 ला ते दोन्ही पुढं सरकले आणि न्यायालय स्टेशनापाशी एकमेकांना मिळाले. तरी आमच्यासारख्या दक्षिणेकडून येणाऱ्यांना त्याचा उपयोग नव्हता. स्वारगेटहून शिवाजीनगरला पोचायचं तर शहराचा सगळ्यात दाटीचा भाग रस्त्यानंच ओलांडावा लागायचा, आणि खरा वेळ तिथंच जायचा. मार्च 2024 मध्ये गाडी रामवाडीपर्यंत गेली, तेव्हाही आम्ही पीएमपीतच. मग 29 सप्टेंबर 2024 ला न्यायालय ते स्वारगेट हा साडेतीन किलोमीटरच्या आसपासचा टप्पा खुला झाला. लांबीनं बघितलं तर सगळ्यात छोटा. पण सातारा, कराड, सांगली, कोल्हापूरच्या माणसांसाठी मेट्रो खऱ्या अर्थानं त्या दिवशी सुरू झाली, कारण ती एसटी स्टँडला येऊन टेकली. मेट्रो किती किलोमीटर झाली यापेक्षा ती कुठल्या स्टँडला जोडली हे आधी बघावं, असं माझं ठाम मत झालंय. आपल्याकडं कोल्हापुरात सीबीएस (मध्यवर्ती एसटी स्टँड) आणि रेल्वे स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ आहे, म्हणून या जोडणीची किंमत आपल्याला चटकन जाणवत नाही. पुण्यात स्वारगेट एका टोकाला आणि रेल्वे स्टेशन दुसरीकडं. आता न्यायालयाला गाडी बदलली की रेल्वे स्टेशनही मेट्रोतच गाठता येतं.

हे गाडी बदलण्याचं ठिकाण एकदा मुद्दाम बघावं असं आहे. स्वारगेट-पिंपरीची जांभळी मार्गिका तिथं जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर आहे आणि वनाज-रामवाडीची गाडी पुलावरून जाते. म्हणजे एका गाडीतून उतरून दुसरीत बसेपर्यंत दहा मजल्यांहून जास्त चढायचं. सरकते जिने एकामागून एक येत राहतात. वर छतातून ऊन आत घेतलंय, ते पार खाली येतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी जिन्यावर मागं वळून बराच वेळ बघत होतो. रोज आठ-दहा मायक्रॉनसाठी (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांसाठी) झगडणाऱ्या माणसाला एवढ्या खोलवर एवढं नेमकं काम बघून भरून येतं. बोगदा खोदणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा, पवना अशी नद्यांची नावं दिली होती. न्यायालय आणि कसबा पेठेच्या मध्ये गाडी मुठेच्या पात्राखालून जाते. आतून काहीच कळत नाही, पण माझं लक्ष दर वेळी तिथं जातंच.

सॅम्पलचं सांगायचं राहिलं. स्टेशनात शिरताना बॅग तपासणीच्या पट्ट्यावर टाकावी लागते, आणि बिडाचा पार्ट पडद्यावर काळाकुट्ट ठोकळा दिसतो. पहिल्या खेपेला बॅग उघडायला लावली. मालाचं चलन दाखवलं, हाउसिंगवरचा पार्ट नंबर दाखवला, दोन मिनिटांत सोडलं. तेव्हापासून चलन वरच्या खिशात ठेवतो. आपल्या लाइनीतल्या लोकांनी एवढं करावंच.

वेळेचं गणित मात्र बसवून घ्यावं लागलं. गाडी सकाळी सहाला सुरू होते. कोल्हापूरहून रात्री अकराच्या एसटीनं निघालं तर पहाटे चारलाच स्वारगेटला उतरून बसावं लागतं. म्हणून मी आता मध्यरात्रीनंतरची एसटी धरतो, स्टँडावर चहा घेतला की मेट्रो उघडलेली असते. परतीला अडचण नाही, जानेवारी 2025 पासून रात्री अकरापर्यंत गाड्या आहेत. तिकीट 10 रुपयांपासून 35 पर्यंत, शनिवार-रविवारी 30 टक्के सूट. मी मोबाइलवरच काढतो.

उणीव आहे ती स्टेशनातून बाहेर पडल्यावर. नाशिक फाट्याहून एमआयडीसीतल्या आतल्या प्लॉटवर जायला रिक्षाच करावी लागते, आणि दोन-अडीच किलोमीटरला एकानं मेट्रोच्या तिकिटाच्या चौपट पैसे मागितले. आपल्याकडच्या वडापासारखं (शेअर जीपसारखं) ठरावीक भाड्याचं काही तिथं मिळालं तर फार बरं होईल. चाकणच्या गिऱ्हाइकांकडं जायला तर अजून रस्त्याशिवाय इलाज नाही.

गेल्या महिन्यात आईला घेऊन गेलो. ती 76 वर्षांची, त्यामुळं एसटीला तिचं तिकीटच नाही. दगडूशेठला जायची तिची फार दिवसांची इच्छा होती, पण पेठेतल्या गर्दीत तिला कसं न्यायचं म्हणून मीच पुढं ढकलत होतो. स्वारगेटला लिफ्टनं खाली गेलो. पुढचंच स्टेशन मंडई, तिथं लिफ्टनंच वर आलो, आणि तिथून माझ्या हाताला धरून ती देवळापर्यंत चालली. परत येताना मंडईतून तिनं अंजीर घेतले. गाडीत बसल्यावर म्हणाली, "बाबा असते तर त्यांना पण आणलं असतं रं."

आता आम्ही डोळे लावून बसलोय ते कात्रजकडं. स्वारगेट-कात्रज हा साडेपाच किलोमीटरच्या आसपासचा भुयारी मार्ग मंजूर आहे, त्याची पायाभरणीही स्वारगेटच्या उद्घाटनादिवशीच झाली. एसटी बोगद्यातून बाहेर पडून कात्रजला आली की गाडीतली निम्मी माणसं सीटवरून उठून पिशव्या काढायला लागतात, आणि मग स्वारगेट येईपर्यंत तशीच उभी असतात.