जपानी पिचर घ्यावा तर कोणता? यामामोतो, सासाकी, इमानागा की सेंगा

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारा माझा मावसभाऊ न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल क्लबचा कट्टर भक्त आहे. डिसेंबर लागला की त्याचा फोन ठरलेला: "यंदा कोण जपानी येतोय? आपण घ्यावा का रे?" यातला 'आपण' म्हणजे मेट्स, आणि पैसे मालक स्टीव्ह कोहेन यांचे. दुसऱ्याच्या तिजोरीवर उदार व्हायला काय जातं! पण प्रश्न काही चुकीचा नाही. फोनवर त्याला तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं इथे सलग मांडतो.

समोर चार पिचर, म्हणजे बेसबॉलमधले बॉलर, आहेत: योशिनोबू यामामोतो, रोकी सासाकी, शोता इमानागा आणि कोदाई सेंगा. चौघेही डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२५ या काळात जपानहून अमेरिकेतल्या क्लबांकडे गेले. चौघांच्या किमतींत मात्र इतकं अंतर की एकाच बाजारातला माल वाटू नये.

आधी बाजाराची रीत

लिलाव म्हटलं की आपल्याला आयपीएल आठवतं. हातोडा पडला, विषय संपला; खेळाडूला विचारतो कोण? १९ डिसेंबर २०२३ ला दुबईत कोलकात्याने मिचेल स्टार्कसाठी २४ कोटी ७५ लाख रुपये मोजले. त्याच आठवड्यात बातमी आली की लॉस एंजेलिस डॉजर्स यामामोतोला १२ वर्षांचे ३२ कोटी ५० लाख डॉलर देणार. फरक इतकाच की तिथे हातोडा यामामोतोच्या हातात होता.

पूर्वी तो नव्हता. जपानी क्लबने खेळाडू 'पोस्ट' केला, म्हणजे अमेरिकी क्लबांसाठी मोकळा केला, की अमेरिकी क्लब बंद पाकिटात बोली टाकायचे, आणि ज्याचं पाकीट सर्वांत जड त्या एकट्यालाच खेळाडूशी बोलायचा हक्क मिळायचा. २००६ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सने दाइसुके मात्सुझाकासाठी ५ कोटी ११ लाख ११ हजार १११ डॉलर लिहिले. हे नुसते बोलायचे पैसे, तेही त्याच्या सेइबू लायन्सच्या खिशात. पिचरला वेगळे, सहा वर्षांचे ५ कोटी २० लाख. म्हणजे जवळजवळ नवरीइतकाच हुंडा! त्याच हिवाळ्यात यांकीजने केई इगावासाठी २ कोटी ६० लाख १९४ डॉलरचं पाकीट टाकलं. शेवटचे १९४ म्हणजे त्या मोसमातले त्याचे स्ट्राइकआउट, बॅटला चुकवून बाद केलेले बॅटर. एवढं करून इगावाने यांकीजला जिंकून दिल्या दोन मॅचेस. मात्सुझाकाने निदान एक वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली अजिंक्यपदाची मालिका, आणि २००८ चा १८-३ (१८ विजय, ३ पराभव) असा मोसम तरी दिला.

आता पाकीट गेलं. पोस्ट झालेला खेळाडू ४५ दिवस कोणत्याही क्लबशी बोलू शकतो, आणि जपानी क्लबचा वाटा सूत्राने ठरतो: करारातल्या पहिल्या अडीच कोटी डॉलरवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा, त्यावरच्या रकमेवर १५. यामामोतोचा हिशेब मांडून बघा: ५० लाख, अधिक ४३ लाख ७५ हजार, अधिक ४ कोटी १२ लाख ५० हजार. ओरिक्स बफेलोजला मिळाले ५ कोटी ६ लाख २५ हजार डॉलर, आणि हे पगाराच्या वर. ज्याची तुलना करायची तो आकडा ३२ नव्हे, साडेसदतीस कोटींचा आहे. बातम्यांचे मथळे नेहमी छोटा आकडा छापतात.

यामामोतो: महाग, आणि तरी

ओरिक्ससाठी त्याने लागोपाठ तीन वर्षं, २०२१ ते २०२३, सावामुरा पुरस्कार मिळवला. जपानमध्ये पिचरला यापेक्षा मोठा मान नाही. उंची १७८ सेंटिमीटर, म्हणजे अमेरिकी पिचरांच्या रांगेत लहान भाऊच. वजनं उचलत नाही, भाल्यासारखी काठी फेकून खांदा तयार करतो. ९ सप्टेंबर २०२३ ला त्याने चिबामध्ये नो-हिटर टाकला, म्हणजे पूर्ण मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट नाही. तो बघायला यांकीजचे जनरल मॅनेजर ब्रायन कॅशमन स्वतः स्टेडियमवर हजर होते.

मग रांग लागली. कोहेन जपानला जाऊन आले आणि नंतर त्याला कनेटिकटच्या घरी जेवायलाही बोलावलं. मेट्सनेही डॉजर्सइतकाच, १२ वर्षांचे साडेबत्तीस कोटी, असा प्रस्ताव दिल्याच्या बातम्या होत्या. यांकीजचा प्रस्ताव १० वर्षांचे ३० कोटी. वर्षाच्या हिशेबात यांकीजच पुढे, ३ कोटी विरुद्ध २ कोटी ७१ लाख. तरी तो लॉस एंजेलिसला गेला. तिथे जपानी सुपरस्टार शोहेई ओतानी आधीच आला होता, आणि डॉजर्सच्या बैठकीला ओतानी स्वतः बसला होता. मावसभावाला हे अजून पटत नाही. "आपण तेवढेच देत होतो की!" देत होतो, पण ओतानी कुठून आणणार?

पहिली मॅच सोलमध्ये, मार्च २०२४: एक इनिंग, पाच धावा. तेव्हा पैसे बुडाले म्हणणाऱ्यांत मीही होतो, लपवत नाही. मग उन्हाळ्यात खांदा दुखावला आणि तो तीन महिने बाहेर. २०२५ मध्ये मात्र १२ विजय आणि नऊ इनिंगमागे सरासरी २.४९ धावा. वर्ल्ड सिरीजमध्ये टोरांटोविरुद्ध दुसरी मॅच त्याने एकट्याने संपवली. सहावी ९६ बॉल टाकून जिंकून दिली, आणि दुसऱ्याच रात्री सातव्या मॅचमध्ये परत येऊन ३४ बॉल टाकले. सुरुवात करणारा पिचर एकदा टाकला की साधारण चार दिवस विश्रांती घेतो, हे लक्षात घेतलं म्हणजे यातला वेडेपणा कळतो. आपल्याकडे २ नोव्हेंबरचा रविवार होता. सकाळी पावणेदहाच्या सुमाराला ती मॅच संपली, दुपारी नेरूळला डी. वाय. पाटीलवर मुलींची वर्ल्ड कप फायनल. त्या दिवशी घरात भाजी कुणीच आणली नाही.

सासाकी: स्वस्त, पण तुमच्या हातात नाही

पंचवीस वर्षांखालच्या किंवा सहा मोसम न झालेल्या जपानी खेळाडूला खुला करार मिळत नाही. परदेशी नवख्यांसाठी प्रत्येक क्लबला जी मर्यादित थैली असते, त्यातूनच त्याला बोनस द्यायचा आणि सुरुवात मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पायरीच्या लीगच्या, कराराने करायची. सासाकी २३ वर्षांचा असताना निघाला. त्याने १० एप्रिल २०२२ ला परफेक्ट गेम टाकला होता, म्हणजे समोरचा एकही बॅटर बेसपर्यंत पोचला नाही; १९ स्ट्राइकआउट, त्यातले १३ ओळीने. दोन वर्षं थांबला असता तर त्यालाही कोट्यवधी डॉलर मिळाले असते. मिळाले ६५ लाख. त्याच्या जपानी क्लबच्या, चिबा लोत्तेच्या, वाट्याला त्या रकमेच्या २५ टक्के, म्हणजे १६ लाख २५ हजार. ओरिक्सच्या पाच कोटींशेजारी हा आकडा ठेवून बघा. लोत्तेच्या चाहत्यांची चिडचिड मला पूर्ण समजते.

किंमत सगळ्यांना जवळपास सारखीच, त्यामुळे इथे बोली लागते ती पैशाची नाहीच. उलट त्याने क्लबांनाच गृहपाठ दिला: २०२४ मध्ये माझ्या फास्टबॉलचा वेग का घटला, ते सांगा. मुलगी बघायला गेलेल्या मंडळींनाच पेपर सोडवायला बसवावं, तसं. टोरांटोने तर थैली २० लाखांनी वाढवायला क्लीव्हलँडकडून आउटफिल्डर माइल्स स्ट्रॉ घेतला आणि त्याच्या उरलेल्या पगाराचा बराचसा भार अंगावर ओढला. त्याच दिवशी सासाकीने डॉजर्सचं नाव जाहीर केलं. टोरांटोकडे राहिला स्ट्रॉ.

पहिल्या मोसमात आठ मॅचेसची सुरुवात केल्यावर त्याचाही खांदा गेला. सप्टेंबरात परतला तो शेवटच्या इनिंगचा पिचर होऊन, आणि प्ले-ऑफमध्ये डॉजर्सच्या मॅचेस त्याने बंद करून दिल्या. ज्या क्लबकडे पाच-सहा चांगले पिचर आधीच आहेत, त्यालाच असा वेळ देणं परवडतं. तुमच्याकडे पहिल्याच एप्रिलपासून त्याच्या खांद्यावर मदार असेल तर हा स्वस्त सौदा महागात जातो.

इमानागा आणि सेंगा

इमानागा योकोहामाकडून आला तेव्हा तिशीचा होता. फार वेगवान नाही, डावखुरा, त्यामुळे गर्दी कमी. शिकागो कब्जने चार वर्षांचे ५ कोटी ३० लाख ठरवले, वर योकोहामाचे ९८ लाख २५ हजार. पहिल्याच मोसमात १५-३, सरासरी २.९१. दुसऱ्यात जरा उतरला, पण पैसे तोवर वसूल झाले होते. मधल्या ऐपतीच्या क्लबसाठी मला चौघांत हाच सौदा सर्वांत शहाणा वाटतो. त्याच्यावर कुणी स्वप्नं विणली नव्हती, हा त्याचा मोठा गुण.

सेंगाचा रस्ता वेगळा. सॉफ्टबँक हॉक्स खेळाडू पोस्टच करत नसत, म्हणून त्याने नऊ मोसम पूर्ण करून स्वतःची सुटका करून घेतली. जुन्या क्लबला दमडी द्यायची नाही. मेट्सचे सगळे साडेसात कोटी थेट त्याला, पाच वर्षांसाठी. त्याच्या फोर्कबॉलला जपानमध्ये 'भूत' म्हणतात, बॅटरपर्यंत येतो आणि नाहीसा होतो. २०२३ मध्ये २०२ स्ट्राइकआउट. २०२४ मध्ये खांदा, मग पोटरी, आणि नियमित मोसमात फक्त एक मॅच. २०२५ ची सुरुवात झकास, जूनमध्ये मांडीचा स्नायू, आणि सप्टेंबरात मायनर लीग. नऊ मोसम वापरलेला हात घेतला की दलाली वाचते, पण झिजेचा खर्च तुमच्या माथी येतो.

मग कुणाला घ्यायचं

चौघांपैकी तिघांचा खांदा पहिल्या दोन मोसमांतच कुरकुरला, हे विसरू नका. जपानमध्ये पिचर आठवड्यातून एकदा टाकतो, अमेरिकेत दर पाचव्या-सहाव्या दिवशी. बॉलही वेगळा. जपानी बॉल हाताला चिकटतो, अमेरिकी इतका गुळगुळीत की मॅचआधी त्याला न्यू जर्सीतला चिखल चोळावा लागतो. म्हणून पैशाआधी मी हे विचारीन: आपण पाचऐवजी सहा पिचर फिरवू शकतो का? नसेल जमत तर यामामोतोच्या वर्गातला माणूस घेऊ नये, मग मालक कितीही हात सैल सोडो. जमत असेल आणि तिजोरी कोहेनसारखी असेल, तर पंचविशीतला, जपानमध्ये तीन-चार मोसम सिद्ध झालेला पिचर पूर्ण किमतीला घ्यावा. १२ वर्षांतली शेवटची तीन बुडीत खात्यात धरूनच. ऐपत बेताची असेल तर इमानागाच्या जातीचा डावखुरा शोधा. सासाकीच्या रांगेत उभं राहायला हरकत नाही, फक्त त्यापायी कुणाचा पगार अंगावर घेऊ नका.

मावसभावाला हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे आधी ओतानी घ्यायला हवा होता."